शिकवणं सोडून बाकी सगळं

एप्रिलमध्ये, उन्हाळी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, माझ्या अक्काला शाळेनं निरोप दिला. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार, मागे कौलारू व्हरांडा आणि अक्काच्या दोन्ही बाजूंना पहिली-दुसरीची सतरा मुलं. तो फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला तेव्हा लेस्टरमध्ये दुपार होती आणि मी कामाच्या ठिकाणी डबा उघडून बसलो होतो.

फोटोखाली आधी वीस-पंचवीस जणांचे जोडलेले हात आले. मग माझ्याबरोबर दहावीपर्यंत शिकलेल्या एकानं लिहिलं, ‘लाखाच्या घरातला पगार, एप्रिल-मे सुट्टी, दसऱ्याला सुट्टी, अजून आठ वर्षं सर्व्हिस शिल्लक. आमची पोरं पुण्यात बारा-बारा तास राबतात. असली नोकरी कुणी सोडतं का?’ त्यावर दुसऱ्याचं उत्तर, ‘मराठी शाळा बंद पाडायचाच डाव आहे. बाईंना छळून घालवलं.’ मग रात्रीपर्यंत नेहमीची वादावादी.

दोघेही माझे मित्र, आणि दोघांच्याही मनात अक्काबद्दल आदर आहे. त्यातल्या एकाची मुलगी तिच्याच हाताखाली लिहा-वाचायला शिकली. पण दोघांचंही म्हणणं मला पटलं नाही. अक्का का गेली हे मला ठाऊक आहे, कारण गेली तीन-चार वर्षं दर रविवारी फोनवर ती थोडी थोडी जाताना मी ऐकत होतो. गटावर चार ओळींत ते सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितोय.

अक्का बावन्न वर्षांची. टीसीएच करून (आमच्याकडे तेव्हा डी.एड.ला टीसीएच म्हणत) १९९९ मध्ये नोकरीला लागली. सव्वीस वर्षांत तीन शाळा झाल्या, तिन्ही जंगलाच्या कडेच्या.

ती काय करायची ते एकदा नीट सांगतो, कारण गटावरच्या वादात तेच कुणी बोललं नाही. २०२२ च्या जुलैत मी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा तीन दिवस तिच्या वर्गात मागे बसलो. बाहेर पाऊस असा, की कौलांच्या आवाजात पाढे ऐकू येईनात. पहिलीत धनगरवाड्यावरची एक मुलगी होती. शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी तिनं तोंड उघडलं नव्हतं. अक्का तिला ‘बोल गं’ असं एकदाही म्हणाली नाही. तिला एक काम तेवढं दिलं होतं. व्हरांड्यातल्या खुंट्यांना अडकवलेल्या छत्र्या रोज सकाळी मोजायच्या आणि तेवढे चिंचोके बाईंच्या टेबलावर आणून ठेवायचे. मुलगी जायची, यायची, चिंचोके ठेवायची, जागेवर बसायची. मी होतो त्यातल्या तिसऱ्या दिवशी ती चिंचोके ठेवून तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, एक कमी हाय.’

एक मुलगा खरंच आला नव्हता. अक्कानं लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, ‘मग काल किती होत्या?’ मुलीनं सांगितलं. ‘आज किती?’ तेही सांगितलं. मग अक्कानं ते सगळे चिंचोके वर्गाच्या मध्यभागी जमिनीवर ओतले आणि त्या दिवशी पहिलीची वजाबाकी सुरू झाली. शाळा सुटल्यावर मी विचारलं, तू एवढी शांत कशी राहिलीस? म्हणाली, ‘मी बघितलं असतं तर ती परत गप्प झाली असती.’

एखाद्या मुलाला किती दिवस गप्प राहू द्यायचं आणि बोललं की तिकडं बघायचं की नाही, हे पुस्तकात नसतं. पाच-सात वर्षं शिकवून ते थोडं कळतं, वीस वर्षं शिकवून हातात बसतं. अनुभवी शिक्षक जातो तेव्हा हे जातं. त्याच्या जागी नवा माणूस आला तरी त्याला ते पहिल्यापासून मिळवावं लागतं, आणि मधल्या वर्षांतली मुलं त्याविना पुढे सरकतात.

त्याच तीन दिवसांत मी दुसरंही पाहिलं. शाळा पाचवीपर्यंतची आणि शिक्षक दोन. तिसरी ते पाचवी मुख्याध्यापकांकडे, पहिली-दुसरी अक्काकडे. एके दिवशी मी घड्याळ लावून बसलो. जेवणाची सुट्टी सोडून राहिलेल्या वेळातले दोन तास दहा मिनिटं अक्का शिकवत नव्हती. तांदळाची नोंद. हजेरी वहीत, तीच हजेरी मोबाइलवर. शिष्यवृत्तीसाठी कुणाच्या आधार कार्डावर वडिलांचं नाव वेगळं आहे म्हणून त्याच्या आईला बोलावणं. झाडं लावल्याचा फोटो हवा होता, तो संध्याकाळच्या आत पाठवायचा होता आणि रेंज नव्हती. अलीकडं त्यात अंडी आली. अंडं खाणारी किती, केळं घेणारी किती, बाजारात अंड्याचा भाव काय आणि मंजूर दर काय, मधला फरक कुणाच्या खिशातून. अंड्यांबद्दल तिची तक्रार नाही. ‘पोट भरलेलं पोर लवकर शिकतं, अंडं हवंच,’ हे तिनंच मला सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच, की अंड्यांचा हिशेब ठेवायला टीसीएच झालेली बाई लागत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात याच गोष्टीसाठी एक कलम आहे, सत्ताविसावं. शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही, असं ते सांगतं. अपवाद तीनच : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेला कर्नाटकात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं. ती दशवार्षिक जनगणना नव्हती, तरी घरोघर फिरायला शिक्षकच होते. काम वेळेत संपेना तेव्हा त्यांना ते पुरं करता यावं म्हणून शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. साठ प्रश्न, विजेच्या मीटरच्या नंबरावरून घर शोधायचं, उत्तरं मोबाइलमध्ये भरायची. आमच्या भागात रेंज देवळाच्या पायऱ्यांवर येते. अक्का आणि तिच्यासोबतची शिक्षिका घरांतून उत्तरं कागदावर लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी देवळात बसून मोबाइलमध्ये चढवायच्या. लोकांची माहिती सरकारकडे असावी हे अक्काला मान्य आहे. पण शाळा परत भरली तेव्हा दुसरीतली तीन मुलं जोडाक्षरं पार विसरून आली होती, आणि ती पुन्हा शिकवायला कुठल्याही परिपत्रकानं दिवस वाढवून दिले नव्हते. २०२७ ची जनगणना तर आहेच.

छळून घालवलं म्हणणाऱ्या माझ्या मित्राला इथं एक गोष्ट सांगायची आहे. अक्काच्या शाळेच्या आवारातच कन्नड शाळा आहे, मध्ये फक्त जांभ्या दगडाची भिंत. तिथल्या शिक्षिका आणि अक्का पंधरा वर्षांच्या मैत्रिणी. सर्वेक्षणात देवळाच्या पायऱ्यांवर सोबत होत्या त्या याच. अक्काच्या निरोपाला त्या आल्या, मराठीत दोन वाक्यं बोलल्या आणि मग भरून आल्यावर कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘साकागैत्री.’ पुरे झालं. त्यांनीही अर्ज लिहून ठेवलाय. त्या कन्नड माणूस, कन्नड शाळेत, कन्नड राज्यात, आणि तरी त्यांचं दुखणं अक्कासारखंच. अक्काला भाषेपायी घालवलं असतं तर या बाईंना कशापायी?

भाषेचा बोजा नाही असं मात्र मी म्हणणार नाही. परिपत्रक कन्नडमध्ये, प्रशिक्षण कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये. अक्काचं कन्नड उत्तम आहे, तिनं ते नोकरीला लागल्यावर आपणहून शिकून घेतलं आणि त्याचा तिला अभिमान वाटतो. पण पालकांना ते येत नाही. म्हणून प्रत्येक कागद तिला दोनदा करावा लागायचा, एकदा समजावून सांगायला आणि एकदा भरायला. कन्नड शाळेतल्या बाईंवर जे ओझं आहे तेच अक्कावर होतं, त्यावर ही एक गोणी जास्तीची.

कर्नाटकाला शिक्षकांवर विश्वास टाकता येत नाही असंही नाही. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात साध्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहिल्या आणि आपल्या मुलांना जुळेल अशी शिकवण्याची पद्धत स्वतः बसवली. ‘नली-कली’ तिचं नाव, म्हणजे बागडत शिक. पहिली ते तिसरीची मुलं एकत्र, गटागटानं, आपापल्या वेगानं शिकतात. पुढं राज्यानं ती सगळीकडे नेली. अक्काला त्या शिक्षकांबद्दल फार आदर आहे. ‘त्यांना कुणीतरी विचारलं होतं की तुम्हाला काय दिसतंय,’ असं ती म्हणते.

तिला कुणी विचारलं नाही, हे तिला सगळ्यात जास्त लागलं, आणि ते मला उशिरा कळलं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला असेल तर, दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हावी लागेल, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. ज्यांची पाचपेक्षा कमी उरलीत त्यांना परीक्षेविना राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अक्काची आठ उरली होती. मुलांना चांगला शिक्षक मिळणं हा त्यांचा हक्क आहे, हा त्या निकालामागचा विचार मी नाकारत नाही. मीही बाप आहे. अक्कानंही आधी चिडचिड केली नाही. बेळगावला जाऊन गाईड आणलं, रात्री चष्मा लावून वाचायला बसली. चार आठवड्यांनी फोनवर म्हणाली, ‘नापास होईन म्हणून भीती नाही रे. पण सव्वीस वर्षांत माझ्या वर्गात अर्धा तास बसून मी कशी शिकवते हे एका माणसानं बघितलं नाही. आले ते रजिस्टर बघून गेले. आणि आता गोल काळे करून दाखव म्हणतात.’

जानेवारीत तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आईनं ‘बास की आता, राहू दे’ म्हणून बघितलं. आईचं ‘राहू दे’ म्हणजे अर्ज राहू दे. अक्कानं ते नोकरीबद्दल घेतलं.

लाखाच्या पगाराबद्दल बोलणाऱ्या मित्राचं एक म्हणणं खरं आहे, पगार चांगला आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून कर्नाटकात नवी वेतनश्रेणी लागू झाली, आणि अक्कानं पैशासाठी कधी कुरकुर केली नाही. पण त्याच पैशाच्या पोटात दुसरी गोष्ट दडलीय. १ एप्रिल २००६ च्या आधी जे लागले त्यांना जुनी पेन्शन आहे. अक्का त्यातली. आठ वर्षं आधी गेल्यामुळं पेन्शन कमी बसेल, पण बसेल. तिच्यानंतर लागलेल्यांना ती नाही, त्यांचे हप्ते बाजारावर. म्हणजे ज्यांना वैताग आलाय त्यांतल्या वीस-पंचवीस वर्षं झालेल्यांनाच बाहेर पडणं परवडतं. बाकीचे वैतागलेले तसेच शाळेत राहतात, किंवा वर्गाबाहेरची एखादी जागा, क्लस्टरचं काम, ऑफिसातलं डेप्युटेशन शोधत राहतात. आपण राजीनामे मोजले तर आकडा लहान येईल. फळ्यासमोरून किती जण हलले ते मोजायला हवं.

इथं इंग्लंडात काय आहे? आमच्या मुलीच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळावर मी पालकांचा प्रतिनिधी आहे. चार वर्षांची मुदत, पगार नाही, दर सत्रात बैठका आणि जाड कागदपत्रं. दर सत्रात एखादा तरी राजीनामा समोर येतो. इथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतून दरवर्षी साधारण नऊ-दहा टक्के शिक्षक बाहेर पडतात, त्यात वयानं निवृत्त होणारे थोडे. नव्यानं लागलेल्यांतले जवळपास एक तृतीयांश पाच वर्षांत जातात. हे फक्त इथलं नाही. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार प्राथमिक शिक्षकांनी पेशा सोडण्याचं जगातलं प्रमाण २०१५ मध्ये ४.६ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ९ टक्के झालं, आणि २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागणार आहेत.

मुलीच्या चौथीच्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. बावीस वर्षं शिकवून. आता रोपवाटिकेत काम करतात, पगार निम्म्याहून थोडा जास्त. एकदा तिथं रोपं आणायला गेलो तर भेटल्या. मी विचारलं तेव्हा हातातली माती झटकत म्हणाल्या, मूल शिकलंय की नाही हे मला कळायचं, पण मला ते कळतंय हे सिद्ध करण्यात माझा रविवार जायचा. मी घरी येऊन अक्काला फोन केला आणि हे वाक्य मराठीत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्यांच्याकडं पण?’

त्यांच्याकडं पण. आणि तेही, शिक्षकाचा वेळ राखायला इथं नियम असताना. २००३ मध्ये सरकार आणि बहुतेक संघटनांत करार झाला. पैसे गोळा करणं, ढिगानं झेरॉक्स काढणं, गैरहजर मुलांच्या घरी फोन करणं, भिंतीवर तक्ते लावणं, अशी कामं शिक्षकाकडून नेहमीची म्हणून करून घ्यायची नाहीत, असं ठरलं. २००५ च्या सप्टेंबरपासून शिकवण्याच्या वेळातला किमान दहा टक्के वेळ तयारीसाठी आणि वह्या तपासण्यासाठी राखून ठेवणं बंधनकारक झालं. आमच्या शाळेत मुलांचे जेवणाचे पैसे बघायला ऑफिस आहे, वर्गात शिक्षकाबरोबर मदतनीस आहे. एवढं असून बाई गेल्या, कारण त्यांना मिळालेला वेळ तपासणीच्या तयारीनं खाल्ला. रीडिंग शहरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांचा जानेवारी २०२३ मध्ये मृत्यू झाला. त्यांच्या शाळेला तपासणीत सर्वांत खालचा शेरा मिळाला होता, आणि त्या तपासणीचा त्यांच्या मृत्यूत वाटा होता असं न्यायालयीन चौकशीत निघालं. त्यानंतर सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळेला एका शब्दाचा शेरा देणं इथं बंद झालं. एक बाई गेल्यावर.

इथलं सगळं बरं आणि तिथलं वाईट, असं म्हणायला मी हे लिहीत नाही. शिक्षकाला वेळ दिला आणि विश्वास दिला नाही तर तो टिकत नाही, हे मी इथं पाहिलं. अक्काला दोन्ही मिळालं नाही. पण एक फरक आहे, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. मुलीच्या बाई गेल्या तेव्हा सत्र संपायच्या आत दुसरी शिक्षिका आली. कशी का असेना, आली. इंग्रजीला त्यानं काही झालं नाही. खानापुरात मराठी शाळेतली एक जागा रिकामी झाली की तिथं अतिथी शिक्षक येतो, दहा-बारा हजारांवर, तोही जूनमध्ये नाही तर जुलै-ऑगस्टपर्यंत कधीतरी. तोवर दोन वर्ग एका खोलीत. पालक पंधरा दिवस बघतात आणि मुलाला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. पट कमी होतो. पट कमी म्हणून पुढची जागा भरत नाहीत. चार वर्षांनी शाळा दुसऱ्या शाळेला जोडली जाते, आणि मग आपण मोर्चा काढतो.

आपण, म्हणजे मीही. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून गेलोय. १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, आमच्या घरी गोडधोड होत नाही. २०१४ च्या जुलैत येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढला आणि लोकांना मार बसला, तेव्हा मी इथं रात्रभर फोन हातात घेऊन बसलो होतो. हा लढा माझा आहे आणि मी तो सोडलेला नाही. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळानं ८६५ गावांसाठी ठराव केला, २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गटावर दोन दिवस आनंद चालला होता. यातली प्रत्येक तारीख आपल्याला पाठ आहे. पण आपल्या तालुक्यातले मराठीचे किती शिक्षक गेल्या पाच वर्षांत मुदतीआधी गेले आणि का गेले, हे त्या गटावरच्या अडीचशे जणांतला एकही सांगू शकणार नाही. घटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचं म्हटलंय. त्या सोयींतली पहिली सोय शिक्षक आहे. खुर्चीवर बसलेला नव्हे, शिकवायला मोकळा असलेला. ते आपण कधी मागितलं?

लेस्टरमध्ये आम्ही आठ-दहा मराठी घरं मिळून रविवारी दोन तास मुलांना मराठी शिकवतो. माझी मुलगी ‘ळ’ म्हणायला लागली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्या मुलीला मराठी आली नाही तरी तिचं गणित अडणार नाही. त्या धनगरवाड्यावरच्या मुलीचं अडतं. तिला ‘एक कमी’ हे आधी मराठीतच कळलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही परदेशातल्या आणि पुण्यातल्या बारा जणांनी वर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही दिला होता. उद्घाटनाचा फोटो छान आला होता. गेल्या वर्षी मी अक्काला विचारलं, आणखी काय पाठवू? ती म्हणाली, ‘टीव्ही नको रे बाबा आता. एक लिहिणारं माणूस दे.’ मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. आज ते आठवलं की झोप लागत नाही. गावातली बारावी झालेली एखादी मुलगी रोज दोन तास येऊन तांदूळ-अंड्यांचा हिशेब, हजेरीची नोंद, पालकांचे अर्ज बघेल, तर त्या टीव्हीच्या पैशांत तिची दोन वर्षं निघाली असती. दोन वर्षं रोज दोन तास. कदाचित अक्का राहिली असती.

हे सरकारचं काम आहे, वर्गणीनं करायचं नाही, हे मला मान्य आहे. सरकारकडे मागायचं तेही स्पष्ट मागू या. सत्ताविसावं कलम जसं लिहिलंय तसं पाळा. दोन शिक्षकी शाळांना निदान आठवड्यातून तीन दिवस कारकून द्या. मुदतीआधी जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला का जाताय ते विचारा आणि उत्तरं गावापुढं ठेवा. मराठी शाळेतला शिक्षक मोकळा करायच्या आधी त्याच्या जागी दुसरा हजर करा. परीक्षा घ्यायची तर घ्या, पण त्याबरोबर वर्गात येऊन बसा. या मागण्यांवर कन्नड शाळेतल्या त्या बाईही सही करतील, हे मी त्यांना विचारूनच लिहितोय. मराठी आणि कन्नड शिक्षकांनी एकाच कागदावर सही केली, असं आमच्या तालुक्यात मी अजून पाहिलेलं नाही.

सरकारचं उत्तर येईपर्यंत मात्र शाळेच्या एसडीएमसीला (विकास आणि देखरेख समितीला) आम्ही बारा जणांनी लिहिलंय, की जूनपासून अशा लिहिणाऱ्या मुलीचे पैसे आम्ही देतो. मुख्याध्यापकांना विचारून सांगतो म्हणाले आहेत.

काल रात्री हे सगळं अक्काला फोनवर वाचून दाखवलं. सर्वेक्षणाचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला. रूथ पेरींबद्दल ऐकताना गप्प होती. शेवटी म्हणाली, ‘बाकी ठीक आहे. फोटोत सतरा आहेत, पण वर्गात अठरा. धनगरवाड्यावरचा एक त्या दिवशी आला नव्हता, त्याच्या आजीला ताप होता. अठरा लिही.’